पाटावरच्या दोन डिस्क

तमाम जनतेस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, धुळ्यातल्या देवपूर भागात, भर दुपारी, पंखा पाचवर फिरत असताना, एका निपचित पडलेल्या संगणकात डॉस बसवण्याचा सोहळा यथासांग पार पडला. सोहळ्यास दोन माणसं, दोन डिस्क, एक पाट आणि एक नारळ उपस्थित होते. पैकी नारळ फुटला. बाकीचे थोडक्यात वाचले. जे काही घडलं त्याची सर्व जबाबदारी प्रस्तुत लेखकाची असून, त्या दिवशी स्वतःला फार हुशार समजल्याचा गुन्हा त्याला मान्य आहे.

प्रस्तुत लेखक म्हणजे मी. जळगावला राहतो, पन्नाशी ओलांडली आहे. जुने संगणक उघडून बसणं हा माझा धंदा नाही, खोड आहे. ही खोड ज्यांना माहीत आहे अशी माणसं आता फारशी उरली नाहीत, म्हणून अक्कांचा फोन आला तेव्हा मी बोलणं संपायच्या आतच पिशवी शोधायला लागलो होतो.

"अरे, मशीन चालू केलं तर काळ्या पडद्यावर एकच ओळ येते," अक्का म्हणाल्या. "सिस्टिम नाही म्हणे."

"कधीपासून?"

"मला काय माहीत? चार वर्षांनी बटण दाबलं आज."

मग म्हणाल्या, "माझे शब्द आत आहेत रे."

शब्दांची गोष्ट आधी सांगायला हवी. अक्का मूळच्या नरडाण्याजवळच्या एका खेड्यातल्या. घरात, शेतात, विहिरीवर सगळीकडे खान्देशी. लग्न होऊन त्या भुसावळजवळच्या दीपनगरच्या कॉलनीत आल्या, कारण त्यांचे यजमान, म्हणजे नाना, तिथल्या वीज केंद्रात शिफ्टला होते. कॉलनीच्या शाळेत अक्का शिकवायला लागल्या. पहिल्याच आठवड्यात एका मुलीला त्या सहज म्हणाल्या, "बठ." वर्ग खो खो हसला. भुसावळकडची बोली वेगळी, आणि कॉलनीत तर साऱ्या महाराष्ट्रातली माणसं. दुसरी एखादी बाई त्या दिवसापासून तोंड सांभाळून बोलू लागली असती. अक्कांनी संध्याकाळी एका कोऱ्या कागदाचा चतकोर फाडला, त्यावर 'बठ' लिहिलं, पुढे अर्थ लिहिला, 'बस', आणि तो कपाटात ठेवला. तो पहिला शब्द. त्यानंतर एकोणीस वर्षं त्या चतकोर फाडत राहिल्या. बैलाच्या प्रत्येक वस्तूचं नाव, भाकरी बिघडण्याचे प्रकार, नणंदेला ऐकू जाईल पण सासूला कळणार नाही अशा बेतानं द्यायच्या शिव्या, सगळं त्या चतकोरांवर होतं.

तेव्हा भुसावळला माझा संगणकाचा क्लास होता. नाना माझे सर्वांत वयस्कर विद्यार्थी. शिफ्ट संपली की स्कूटरवर यायचे, हात पुसून मगच कीबोर्डला लावायचे, आणि मी सांगितलेली प्रत्येक आज्ञा वीज केंद्रातल्या नोंदवहीसारखी वेळ टाकून लिहून घ्यायचे. वर्षभरानं त्यांनी अक्कांसाठी यंत्र घेतलं. त्याच्या पोटात मराठी अक्षरं उमटवणारं एक कार्ड बसवलेलं होतं. ते कार्ड, त्यावर चालणारा लेखनाचा प्रोग्राम आणि त्या दोघांना चालवणारी जुनी प्रणाली, म्हणजे डॉस, असं ते तिघांचं बिऱ्हाड. त्यातलं एक जरी गेलं तरी उरलेल्यांना बोलता येत नाही. आजच्या कुठल्याही संगणकावर त्या फायली उघडल्या तर नुसतं पाखडलेलं भूस दिसतं.

आणि चतकोर? ते एकेक टाइप झाले की नाना बंबात टाकायचे. एकोणीस वर्षांच्या शब्दांवर आंघोळीचं पाणी तापलं. फ्लॉपीवर घेतलेल्या नकलांना धुळ्यात आल्यावर बुरशी लागली. म्हणजे अक्कांचे सगळे शब्द आता जगात एकाच ठिकाणी होते: चार वर्षं बंद पडलेल्या यंत्रातल्या, हाताच्या पंज्याएवढ्या एका डिस्कवर.

नाना जाऊन तेवढीच वर्षं झाली होती.

आता सुरक्षितपणे डॉस बसवण्याचा माझा पहिला नियम ऐका. हा नियम मी तीनशे तरी विद्यार्थ्यांना टेबलावर हात आपटून शिकवला आहे. ज्या डिस्कवर जीव अडकला आहे, ती आधी यंत्रातून काढून बाजूला ठेवा. जी जोडलेलीच नाही ती पुसली जाऊ शकत नाही. मग दुसरी डिस्क लावा, तिचे भाग पाडा, ती फॉरमॅट करा, तिच्यावर डॉस बसवा. ती स्वतःच्या पायावर उभी राहिली की मगच जुनी शेजारी जोडा आणि माल इकडून तिकडे हलवा. जुन्या डिस्कवर एक अक्षरही लिहायचं नाही.

दुसरी डिस्क जळगावला भंगारात शोधली. ते म्हातारं यंत्र मोठ्या डिस्कला ओळखच देत नाही, म्हणून अगदी जुळी हवी होती. तीच कंपनी, तेच माप.

"मोठी घ्या ना भाऊ," दुकानदार म्हणाला. "हिच्यात दहा-वीस फोटो मावायची मारामार."

"मला फोटो नाही ठेवायचे. शब्द ठेवायचे आहेत."

त्यानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मग वही घ्या की."

दोन तास ढिगात हात घालून शेवटी मिळाली. हुबेहूब जुळी. जामनेरच्या कुठल्या तरी ऑफिसातून आलेली होती म्हणे. टॉवेलात गुंडाळून ती मांडीवर घेतली आणि धुळ्याच्या एसटीत बसलो.

अक्का दारातच उभ्या होत्या. केस पूर्ण पांढरे झालेले, आवाज मात्र वर्गातला. अक्का दोन भाषा बोलतात, एक फळ्यासमोरची आणि एक चुलीसमोरची. त्या दिवशी माझ्याशी फळ्यासमोरची चालली होती, यावरून त्या घाबरल्या आहेत हे मी ओळखलं.

यंत्रावर क्रोशाचं आच्छादन होतं. ते त्यांनी स्वतः काढलं आणि घडी करत म्हणाल्या, "एक सांगून ठेवते. मी नवीन काही घालणार नाहीये यात. ते काम नानांबरोबर संपलं. मी सांगायची, ते विचारायचे, 'ह्याचा अर्थ नीट लिहिलास का?' आता विचारणारं कुणी नाही. पण आहे तेवढं मरू देऊ नकोस. छापून देता आलं तर कुणाला तरी देऊन टाकू."

"अक्का, तासाभरात तुमचे शब्द तुमच्यासमोर."

ही माझी बढाई. लक्षात असू द्या.

झाकण उघडलं. जुनी डिस्क अलगद काढली. टेबलावर जागा नव्हती, म्हणून अक्कांनी पाट दिला. पाटाच्या डाव्या बाजूला जुनी ठेवली, उजव्या बाजूला जळगावची. खिशात पक्क्या शाईचं पेन होतं, पण नानांच्या वस्तूवर कायमचं काही लिहायला हात धजला नाही. अक्कांकडे खडू मागितला. शिक्षिकेच्या घरी खडूला काय तोटा? जुन्या डिस्कच्या पाठीवर ठळक लिहिलं, 'जुनी'. डिस्कच्या पाठीवर कारखान्याचा नंबर असतो, तोही वहीत उतरवायला हवा होता. नानांनी वेळ टाकून उतरवला असता. मी उतरवला नाही, कारण स्वयंपाकघरातून भरताचा वास येत होता.

कळण्याची भाकरी आणि भरीत यांच्यासमोर माणसाची तांत्रिक शिस्त टिकत नाही, एवढंच सांगतो. जेवून, हात धुऊन, गच्चीत दोन मिनिटं वारा घेऊन खाली आलो, तर अक्का पाटासमोर बसलेल्या. दोन्ही डिस्क लख्ख. दोन्हींवर हळद, दोन्हींवर कुंकू, दोन्हींवर अक्षता. शेजारी फुटलेला नारळ. उदबत्ती थेट यंत्राच्या उघड्या पोटात धूर सोडत होती.

"अक्का! हे काय?"

"काय म्हणजे? लोखंडनी नवी वस्तू घरमा उनी, तिले हयद-कुकू नको का?" जेवण झाल्यामुळे भाषा चुलीवर आली होती.

"आणि पुसल्या कशाला?"

"मग काय धुळीवर कुंकू लावू? दसऱ्याला विळी-कोयता पुसल्याशिवाय पूजतात का कुणी? ओल्या फडक्यानं पुसल्या. वरवर. आत पाणी नाही जाऊ दिलं हो."

म्हणजे 'जुनी' गेली. पण मी अनुभवी माणूस. डावी जुनी, उजवी नवी, हे डोक्यात पक्कं होतं.

"जागा नाही ना बदलली यांची?"

"नाही रे बाबा. एकेक उचलली, पुसली, होती तिथे ठेवली."

हे त्यांचं बोलणं अक्षरशः खरं होतं. म्हणून तर मी निर्धास्त झालो. उजव्या बाजूची उचलली, वरच्या अक्षता पुन्हा पाटावर ठेवल्या, डिस्क यंत्राला जोडली आणि डॉसची फ्लॉपी आत सरकवली. फ्लॉपीनं घरघर केली. पडद्यावर ती पांढरी लुकलुकणारी रेघ आली आणि माझ्यातला जुना मास्तर जागा झाला.

"अक्का, नीट बघा हं. आता हिचे भाग पाडायचे." एफडिस्क नावाचा प्रोग्राम सुरू केला. डिस्कच्या सातबाऱ्यात खाडाखोड करण्याचा अधिकार याला असतो. एकदा इथे पुसलं की खालची पिकं, झाडं, विहीर, सगळं एका क्षणात बेवारस. "हिच्यावर आधीच्या मालकाचा एक भाग दिसतोय. जामनेरच्या ऑफिसातला. तो आधी काढून टाकू."

"काढून टाक," अक्का म्हणाल्या. "दुसऱ्याचं आपल्याला काय करायचंय?"

भाग काढून टाकण्याच्या पानावर गेलो. इथे हा प्रोग्राम, कधी नव्हे तो, माणसासारखा वागतो. तो बजावतो की सगळं जाईल. मग सांगतो की, तुम्हांला खरंच हे पुसायचं असेल तर या डिस्कचं नाव तुमच्या हातानं टाइप करा. नाव वरच लिहिलेलं असतं. बघून उतरवायचं एवढंच. मी ते आयुष्यात इतक्या वेळा केलं आहे की मी नाव वाचत नाही, नुसती अक्षरं उतरवतो. आज समोर प्रेक्षक होते, म्हणून मोठ्यानं म्हणत, एकेक कळ नाटकी उचलून दाबत गेलो.

"के. ए. ए. एम."

मग एक मोकळी जागा.

"सी. एच. ए."

बोट तिथेच थांबलं. म्हणजे मी थांबवलं नाही. ते आपणहून थांबलं, आणि का थांबलं हे मला क्षणभरानं कळलं.

त्यासाठी तुम्हांला दीपनगरची एक पाटी दाखवली पाहिजे. लाल पत्र्याची, वर दोन शब्द, 'काम चालू', आणि अडकवायला तारेचा आकडा. वीज केंद्रात कुठल्याही यंत्रावर माणूस कामाला लागला की त्याच्या खटक्यावर ही पाटी लागते. पाटी आहे तोवर खटक्याला हात लावायचा नाही, कारण पलीकडे कुणाचा तरी हात तारेत आहे. आणि त्याचा एक कायदा होता. ज्यानं पाटी लावली त्यानंच ती काढायची. मोठा साहेब आला तरी त्यानं नाही. एक जुनी पाटी नानांनी घरी आणली होती आणि अक्का टाइप करायला बसल्या की ती घरच्या मेन स्विचवर लटकायची, म्हणजे कुणी चुकून वीज घालवायला नको. मी एकदा पंखा लावण्यासाठी ती सहज बाजूला काढली. कधी आवाज न चढवणारा तो माणूस माझ्यावर खेकसला, "तू लावली होतीस का? मग काढलीस कशी?" मी पाटी परत लावली. नाना म्हणाले, "नाही, आता ती तू लावलेली झाली. आण इकडे." मी ती काढून दिली आणि त्यांनी स्वतःच्या हातानं पुन्हा अडकवली.

निवृत्तीच्या दिवशी ती पाटी त्यांनी स्टोअरमध्ये जमा केली आणि पोच घेतली. सरकारी पत्रा होता.

आणि डिस्कचं नाव कसं बदलायचं, ते मीच त्यांना शिकवलं होतं. अकरा अक्षरांपेक्षा जास्त नको, असंही सांगितलं होतं. त्यांनी वहीत लिहून घेतलं होतं.

"काय झालं?" अक्का म्हणाल्या. "थांबलास का?"

मी एस्केपची कळ दाबली. एकदा दाबून पुरे असतं, मी चारदा दाबली. मग यंत्राचा खटका बंद केला, प्लगही ओढून काढला आणि मागे टेकलो. 

"अक्का, पाट हलवला होता का तुम्ही?"

"हलवला नाही. फिराई लिना." त्यांनी हातानं अर्धं वर्तुळ काढून दाखवलं. "तू ठेवला होता तसा तो पश्चिमेला तोंड करून होता. पूजेला पूर्वेला तोंड नको का?"

डिस्क जिथल्या तिथेच होत्या. पाट अर्धा फिरला होता.

यात अक्कांची चूक शोधायची असेल त्यानं शोधावी, मला सापडत नाही. नव्या वस्तूची पूजा त्यांनी रीतसर केली होती. रीत मी मोडली होती, नंबर न लिहून घेऊन. आणि तीन-चार अक्षरं आणखी उतरवून 'हो'साठीची वायची कळ दाबली असती, तर एकोणीस वर्षांच्या चतकोरांचा दुसरा बंब मी पेटवला असता. त्यांच्या देखत, त्यांच्या घरचं भरीत पोटात घेऊन.

सांगावं की न सांगावं? घाबरटासारखं एक मिनिट मी ते तोललं. मग सगळं सांगितलं. पाट, उजवी-डावी, मी काय पुसणार होतो, आणि डिस्कचं नाव काय आहे ते. 

 अक्का पदरानं पाटावरचं सांडलेलं कुंकू एका जागी गोळा करत राहिल्या. मग एवढंच म्हणाल्या, "कुठे दिसतं ते?"

फ्लॉपी लावून, दुसऱ्या कशालाही हात न लावता, मी त्यांना डिस्कमधली यादी दाखवली. सगळ्यांत वर ते नाव, खाली त्यांच्या फायली. प्रत्येक अक्षराची एक. चष्मा लावून त्यांनी वरची ओळ वाचली, खालचं काहीच वाचलं नाही. "मला बोलले नाहीत कधी," म्हणाल्या, आणि स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायल्या.

पुढचं काम मी मुंज झालेल्या बटूसारखं केलं. दोन्ही डिस्कचे नंबर वहीत लिहिले, वेळ टाकून. जुनी डिस्क अक्कांच्या मांडीवर दिली आणि सांगितलं, "ही मी मागेपर्यंत कुणाला द्यायची नाही. मलासुद्धा नाही. नंबर विचारायचा, मग द्यायची." दुसरी जोडली. तिला नावच नव्हतं. जामनेरच्या ऑफिसात कुणाला तिच्याबद्दल एवढं वाटलं नसावं. तिचा जुना भाग पुसला, नवा पाडला, त्याला 'चालू' अशी खूण केली, यंत्र पुन्हा सुरू केलं आणि फॉरमॅट लावलं. पडद्यावर टक्के चढू लागले. अक्का मांडीवर डिस्क घेऊन, आजारी लेकराशेजारी बसावं तशा बसल्या होत्या.

कुणाचा जीव टांगणीला राहू नये म्हणून इथेच सांगून टाकतो. शब्द सगळे आले. संध्याकाळच्या चहाआधी 'बठ' पडद्यावर होता, त्याच्या अर्थासकट. जुनी डिस्क आता दोन कापडी पिशव्यांत गुंडाळून अक्कांच्या कपाटात आहे आणि तिच्यावर पक्क्या शाईनं नंबर आहे.

पण मी ज्यासाठी हे लिहायला बसलो, ते त्याच्या आधीचं. फॉरमॅट शंभर टक्के झालं. डॉसच्या फायली उतरल्या. आणि सगळ्यांत शेवटी, ज्यानं डॉस बसवला आहे त्याला आठवत असेल, पडदा एक प्रश्न विचारतो: या डिस्कला काय नाव द्यायचं? उत्तर दिलं नाही तरी चालतं, नुसतं एंटर दाबायचं. मी नेहमी तेच करतो.

त्या दिवशी केलं नाही. खुर्ची वळवली आणि विचारलं, "अक्का, नव्या डिस्कला नाव काय द्यायचं?"

 अक्कांनी मांडीवरची डिस्क छातीशी धरली आणि फळ्यासमोरची भाषा साफ विसरून, शेजारच्या घरात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडल्या,

"इचारस काय रे? लिख, काम चालू शे!"